खंडोबाचं पिवळं नाक

राणोजीरावांच्या घरातला खंडोबाचा मुखवटा अस्सल चांदीचा, तंजावरहून पिढ्यानपिढ्या चालत आलेला, हे चेन्नईच्या वेलचेरीतल्या त्या अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. तो चांदीचा नाही, हे एकट्या राणोजीरावांना ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी रेसच्या घोड्यांपायी त्यांनी देव विकला आणि तस्साच पितळी करून, वर चांदीचं पाणी चढवून देव्हाऱ्यात बसवला. तेव्हापासून त्याला कुणाला हात म्हणून लावू देत नसत. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं, विभूती लावून, स्वतःच हलके हलके पुसायचे. लोक म्हणत, काय ही भक्ती! भक्ती कसली डोंबलाची.

त्यांची सून यामिनी साताऱ्याची. लग्नाला वर्ष झालेलं. सासू सकवारबाई तिच्याशी धड बोलत नसत. जीव लावला तो सासऱ्यांनीच. तीही त्यांना, शुगर असून, चोरून म्हैसूरपाक द्यायची. चंपाषष्ठीला सासूबाईंनी एकदा तरी कौतुक करावं, एवढीच तिची हौस. म्हणून दुपारी राणोजीरावांचा डोळा लागल्यावर तिनं मुखवटा पिशवीत घातला आणि थेट जॉर्ज टाउन गाठलं.

पॉलिशवाल्यानं तो आधी तेजाबात बुडवला, मग फिरत्या चाकावर धरला. खंडोबाचं नाक पिवळं झालं. मग मिशा. मग कपाळ.

"पित्तळै, अम्मा," तो म्हणाला. एवढं तमिळ तिलाही कळलं.

पोरगी साधी. रडत रडत पिवळा देव घेऊन घरी आली आणि होतं तसं सांगून मोकळी झाली.

"खरा कुठे ठेवलास?" सकवारबाईंनी विचारलं. "माहेरी धाडलास?"

"आई, शप्पथ सांगते, मी नेला तो हाच."

"शप्पथ? मग उचल बेलभंडार."

देवापुढची ताटली आली. हळदीत ठेवलेलं बेलाचं पान यामिनीनं बेधडक उचललं. नवरा विजयेंद्र मान खाली घालून उभा होता. ती सासऱ्यांकडे वळली. "बाबा, तुम्ही रोज पुसता ना त्याला? तुम्ही तरी सांगा."

राणोजीरावांना फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पोर वाचली असती. पण मग बायकोला, मुलाला तोंड कसं दाखवायचं? त्यांनी बेलभंडार उचलला.

"काल मी पुसला तो देव चांदीचाच होता."

दुसऱ्या दिवशी विजयेंद्रनं यामिनीला माहेरच्या गाडीत बसवून दिलं. परतीचं तिकीट काढलं नाही.

संध्याकाळी सकवारबाईंनी कॉफी आणून ठेवली. राणोजीरावांना राहवेना.

"अगं, तिनं बेलभंडार उचलला होता. पोर खरं बोलत असेल तर?"

"खरंच बोलत होती." सकवारबाई शांतपणे बसल्या. "पितळ हलकं असतं हो. सहा वर्षांपूर्वी दसऱ्याला तुमच्या नकळत देव उचलला, तेव्हाच कळलं मला."

"मग तिला का घालवलंस?"

"तुम्हाला घालवू? ती परक्याची पोर. विजूला दुसरी मिळेल." त्यांनी टंबलर पुढे सरकवला. "आणि तुम्ही तरी कुठे अडवलंत? घ्या, गार होतेय. बिनसाखरेची आहे."