विमानावरची नजर

वन्संच्या खोलीत छताला एक पिवळं विमान टांगलेलं होतं. हलक्या लाकडाच्या पट्ट्या जोडून त्यांनी ते स्वतः बनवलं होतं. इंजिन, चाकं, पंख, सगळं जागच्या जागी. पण रिमोटवर उडणारं ते विमान अजून एकदाही उडालं नव्हतं. ते पुरं होता होताच वन्संच्या डोळ्यांनी दगा दिला. नजरेच्या मधोमध धुकं, कडेला तेवढं स्वच्छ. माणूस दिसायचा, त्याचा चेहरा दिसायचा नाही. आहे एवढं टिकलं तरी देवाची कृपा, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

वन्संनी आयुष्यभर पुलांचे नकाशे काढले होते. रडत बसणं त्यांच्या हाडात नव्हतं. त्यांनी भावजयीला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "हे विमान तू उडवायचंस. नाही जमलं तर आमच्या विमानवाल्यांच्या क्लबच्या काचेच्या कपाटात जाईल बिचारं. ते मला बघवणार नाही." मग स्वतःशीच हसल्या. "तसं आता काहीच बघवत नाही म्हणा."

भावजय पडदे शिवायची. या खेळाशी तिचा संबंध इस्त्रीपुरता. विमानाच्या पंखांवर पातळ आवरण इस्त्रीने चिकटवावं लागतं, आणि एकही सुरकुती न पडता ते चिकटवावं तर तिनेच. क्लबच्या मैदानावरची मंडळी तिला 'इस्त्रीवाली' म्हणत आणि वन्संना 'कॅप्टन'. नवऱ्याने तर बातमी ऐकून हातच जोडले. घरातला रिमोट कधीच गेला होता, आता आकाशातलाही बायकांकडे गेला, म्हणाला. तिला हसू आलं. वन्संचा शब्द तिने आजवर मोडला नव्हता. हा मात्र झेपेल की नाही, देव जाणे.

शिकायला जुनं विमान होतं, पडून पडून निबर झालेलं. ते दूर जात असलं की सगळं सरळ. परत आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटं व्हायचं आणि तिची बोटं हटकून चुकायची. वन्संनी ती गाठ एका वाक्यात सोडवली. पंख ज्या बाजूला झुकला असेल, त्याच बाजूला रिमोटची दांडी ढकलायची. पडू पाहणाऱ्या पंखाला खालून टेकू द्यायचा, बस. पुलवाल्या बाईने शिकवावं तर असं, तिला वाटलं.

पण खरं नवल पुढे होतं. विमान उंच गेलं की वन्संना ते दिसत नसे, तरी त्यांचं त्याच्यावर लक्ष असे. मान किंचित कलती करून त्या इंजिन ऐकत. नाक वर चढलंय, खाली घे, असं सांगत, आणि ते खरंच चढलेलं असे. उडवण्याआधी दोन्ही पंखांवरून, शेपटीवरून त्यांची बोटं फिरत, त्या तिला दांड्या हलवायला सांगत, आणि एखादा स्क्रू सैल असला तर तो बोटांना बरोबर सापडे. भावजय रोज सकाळी समई लावण्याआधी तिची वात अशीच निगुतीने नीट करायची. वन्सं देवापुढे फारशा बसत नसत; पण हे काय वेगळं होतं, असं तिच्या मनात येऊन जाई.

आणि मग तिच्या हातून ती चूक झाली. विमान लांब वळण घेत असताना वन्संनी विचारलं, आता कुठे आहे गं? मोठ्या माणसांनी काही विचारलं की त्यांच्याकडे बघून उत्तर द्यायचं, हे तिच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. तिने मान वळवून नम्रपणे सांगितलं, त्या झाडांच्या वर आहे, वन्सं. परत पाहिलं तर आभाळ रिकामं. विमान सापडलं ते झाडांपलीकडच्या शेतात, पंख मोडून.

वन्सं रागावल्या नाहीत. घरी आल्यावर म्हणाल्या, "विमान वर असेपर्यंत मी तुझी नणंद नाही, कोणीच नाही. मी काही विचारलं, मला काही झालं, तरी माझ्याकडे बघायचं नाही. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. कबूल केलेलं ती निभावते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

पंख जोडले, इस्त्री झाली, सराव पुन्हा सुरू झाला. हळूहळू बोटं चुकेनाशी झाली. एके दिवशी जुनं विमान तिने एकटीने अलगद उतरवलं, आणि त्या रात्री वन्संनी भावाला स्टुलावर चढवून पिवळं विमान खाली काढायला लावलं.

मैदानावर वारा मंद होता. वन्संची बोटं पिवळ्या पंखांवरून नेहमीपेक्षा सावकाश फिरली. मग त्या घडीच्या खुर्चीवर बसल्या. विमान धावलं, उचललं गेलं. जुन्यापेक्षा ते कितीतरी चपळ होतं. दांडीला नुसतं बोट लागायचा अवकाश, की वळलंच. दोन मोठ्या फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीनंतर तिने त्याला उतरायला वळवलं. ते तोंड करून समोरून येऊ लागलं.

तेवढ्यात मागे काहीतरी कोसळलं. खुर्चीचा आवाज, आणि वन्संचं अर्धवट "आई गं."

तिची मान वळायला निघालीच होती. वन्संचं वय, ती खुर्ची, खालचे दगड. पण विमानाचा डावा पंख झुकत होता आणि तिने शब्द दिलेला होता. तिने दात आवळले, त्या पंखाखाली टेकू दिला, इंजिन मंद केलं. डोळ्यांत पाणी आलं तेही पुसलं नाही. चाकं गवताला टेकली, एक उडी घेतली, पुन्हा टेकली. विमान थांबलं.

मग ती धावली. वन्सं गवतात पाय पसरून बसल्या होत्या. विमान परत येताना ऐकू आलं म्हणून उठायला गेल्या, आणि खुर्ची मिटली होती. कोपर खरचटलं होतं. चेहरा मात्र अजून विमान जिथे थांबलं त्याच दिशेला होता.

"लागलं का हो?" तिने वाकून विचारलं.

"ते राहू दे. वळून बघितलं नाहीस ना?"

"नाही."

वन्संनी हात पुढे केला, उठण्यासाठी. "तो डावा पंख झुकला होता, ऐकलं मी. छान सावरलास. आता मला विमानापाशी घेऊन चल, आणि वर उडताना कसं दिसत होतं ते सगळं सांग. आता बघ माझ्याकडे."