खाली आलेला दुसरा मजला

रुद्राणी माळगेला अपंग कल्याण सल्लागार समितीवर नेमल्याचं पत्र १९७८च्या जानेवारीत आलं. लहानपणीच पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले होते. हातानं पायडल मारायच्या तीनचाकीवरून ती एकटी सात रस्ता चौकातल्या समाजकल्याण कचेरीपर्यंत यायची, शिकवण्या घ्यायची आणि अपंगांच्या सवलतींसाठी इतके अर्ज करायची, की शेवटी कचेरीनं तिलाच सदस्य करून टाकलं.

समितीची बैठक कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. रुद्राणीनं तीनचाकी जिन्याशी लावली आणि सिदू शिपायाला म्हणाली, "वर कळवा, मी आलेय."

सिदू वर जाऊन आला. "ताई, सायेब म्हंत्यात, वर आल्याबिगर आलात असं धरता येत न्हाय. हजेरीवही वर हाय."

"मग वही खाली आणा की."

"वही मजला सोडत न्हाय."

हमाल बोलावतो, खुर्चीतून उचलून नेतील, असं सिदू म्हणाला. रुद्राणीनं नको म्हटलं. कॉलेजात नाव घालायला गेली तेव्हा तिला असंच उचललं होतं, आणि जिन्याच्या वळणावर ठेवून हमाल बिडी ओढायला गेले होते. तो अर्धा तास तिच्या मनातून गेला नव्हता.

बैठक तिच्याविना झाली. आठवड्यानं पत्र आलं. आपल्या अनुपस्थितीबद्दल समिती खेद व्यक्त करते. दुसऱ्या बैठकीनंतर खेदाची नापसंती झाली. तिसऱ्या गैरहजेरीला सदस्यत्व जाणार होतं.

तिसऱ्या बैठकीला ती मल्लप्पाला घेऊन आली. मल्लप्पा खुर्च्यांना वेत विणायचा. डोळ्यांनी आंधळा, पण आवाज असा की गिरणीच्या भोंग्यानं लाजावं. दोघं सभागृहाच्या खिडकीखाली रस्त्यावर थांबले. रुद्राणी हळू सांगायची, मल्लप्पा तेच वर ऐकवायचा.

"सदस्या रुद्राणी माळगे ठराव मांडतात," मल्लप्पा गरजला. रस्त्यावरचे टांगे थांबले. "तळमजला हाच दुसरा मजला समजण्यात यावा."

समितीचे चिटणीस चिंतामणीराव खिडकीतून वाकले. "अहो, हळू. लोक जमताहेत."

"लोकांचा पाठिंबा आहे, असं लिहून घ्या," मल्लप्पानं रुद्राणीचा निरोप पोचवला.

चिंतामणीराव मुळात वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त नियमात न बसणाऱ्या गोष्टीची धास्ती वाटायची. हा ठराव नियमात बसत होता. शिवाय जेवणाची वेळ झाली होती. ठराव एकमतानं मंजूर झाला.

सोमवारी तळमजल्यावर 'दुसरा मजला' अशी पाटी लागली आणि हजेरीवही खाली आली. पण एका इमारतीत दोन दुसरे मजले कसे असतील? चिंतामणीरावांनी रविवारभर घरी बसून तोडगा काढला होता. पहिल्या मजल्याचा तिसरा झाला आणि दुसऱ्याचा चौथा. तसं वरिष्ठांना कळवलंही.

वरिष्ठ कचेरीत कुणीतरी कागद पाहिला आणि चार मजली इमारतीला लिफ्ट नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. चौकशीला इंजिनिअर आले. त्यांनी तीनदा इमारतीला फेरी घातली.

"पहिला मजला कुठाय?" त्यांनी सिदूला विचारलं.

"तो न्हाय, सायेब. दुसऱ्यापासनंच सुरू हुतंय."

इंजिनिअरनी बराच विचार केला आणि लिहिलं: पहिला मजला आढळला नाही; बहुधा जमिनीखाली असावा. लिफ्टची निकड अधिकच आहे.

रुद्राणीनं तो अहवाल वाचला तेव्हा तिला आधी हसू आलं आणि मग रागही आला. वर्षानुवर्षं तिनं खरं तेच लिहिलं होतं आणि कुणी हललं नव्हतं. खुलासा करावा का, असं तिनं मल्लप्पाला विचारलं.

"कशाला? लिफ्ट खरीच बसणार हाय की," तो म्हणाला.

१९७९च्या डिसेंबरात लिफ्ट सुरू झाली. रुद्राणी तीनचाकीसकट तिच्यात मावली. वर सभागृहाच्या खिडकीतून तिला प्रथमच गिरण्यांची धुराडी सरळ नजरेच्या रेषेत दिसली.

बैठकीचा पहिला विषय चिंतामणीरावांच्या दूरदृष्टीबद्दल अभिनंदनाचा होता. ते संकोचून टेबलाकडे बघत राहिले. रुद्राणीनं हात वर करून पाठिंबा दिला.

"झालं?" ती म्हणाली. "आता एस.टी.च्या पायऱ्यांचं बोलू."

चिंतामणीरावांनी घंटा वाजवून सगळ्यांसाठी चहा मागवला.