आप्पांचं कोरडं फडकं

मला ठसका लागला नसता, तर आप्पांचा आणि माझा सूर किती छान जुळतो, याचं मी आजही कौतुक करत राहिले असते. शुक्रवारी संध्याकाळी, स्पर्धेआधीच्या शेवटच्या तालमीत, माझ्या घशात काहीतरी अडकलं आणि मी कॉर्नेट, ते छोट्या ट्रम्पेटसारखं पितळी वाद्य, ओठांवरून काढून खोकले. इतकंच. त्या जागी बाकीचा बँड गप्प असतो, फक्त दोन कॉर्नेट वाजतात, एक माझं आणि एक आप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. एक थांबलं तर दुसऱ्याचा सूर चालू राहायला हवा. तो राहिला नाही. खोलीत एकदम चिडीचूप झालं, आणि माझ्या शेजारी आप्पांची तीन बोटं कळांवर अगदी तालात खालीवर होत होती. गाल फुगलेले, डोळे मिटलेले. आवाजाचा मात्र पत्ता नव्हता.

मी घाबरून कॉर्नेट पुन्हा ओठांना लावलं आणि सूर पकडला. सूर आल्याबरोबर आप्पांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. माझ्या पायाखालची जमीन सरकली ती तेव्हा.

आमचा बँड हौशी माणसांचा. मंगळवारी आणि शुक्रवारी सहा ते आठ, आगीचे बंब उभे असतात तिथल्या मागच्या खोलीत, आम्ही चोवीस जण पितळी वाद्यं घेऊन बसतो. मी दिवसभर गणवेशांच्या कारखान्यात काजं करते. आप्पांचं कुलपं दुरुस्तीचं दुकान होतं, आता ते घरीच असतात. बँडमास्तर दातांच्या कवळ्या बनवतो, त्यामुळे तो बोलताना आधी सगळ्यांच्या तोंडाकडे बघतो.

पहिल्या कॉर्नेटची खुर्ची चौतीस वर्षं आप्पांची. शेजारची माझी, आणि माझं काम मदतनिसाचं. पहिल्याचे ओठ थकले की त्यानं वाद्य जरा खाली करायचं आणि मदतनिसानं तोच सूर पुढे न्यायचा, असा की सांधा कळता कामा नये. बँडमास्तरचा नियम आहे, शेजाऱ्याचा आवाज वेगळा ऐकू आला तर तुमचं चुकलं. अकरा वर्षं मला आप्पांचा आवाज थोडासा वेगळा ऐकू यायचा. गेल्या चार महिन्यांत तो येईनासा झाला आणि मला वाटलं, चला, एकदाचं जमलं. बँडमास्तरनंही सगळ्यांदेखत पाठ थोपटली, म्हणाला की आता तुम्हा दोघांचा मिळून एकच आवाज येतो. वाजवणारं एकच माणूस असल्यावर दुसरा येणार कुठून?

हे कॉर्नेट माझ्या हातात आलं तेच मुळी नवऱ्याच्या कृपेनं. आप्पांनी आधी लेकाला शिकवायला घेतलं होतं. त्यानं वर्षभर फुंकून एक सूर काढला, तोही कोणाला ओळखता आला नाही. मग लग्न होऊन मी घरात आले आणि आठव्या दिवशी आप्पांनी विचारलं, सूनबाई, यात जरा फुंकून बघतेस का. मी फुंकलं. सासूबाई म्हणाल्या, एक होतं ते पुरे नव्हतं म्हणून आता दुसरं. तेव्हापासून भाजी शिजेपर्यंत मी स्वयंपाकघरात, आवाज दाबायचं बूच लावून, सराव करते. आप्पा न्हाणीघरात करायचे. अलीकडे मात्र त्यांनी दुपारची वेळ धरली होती, मी आणि नवरा कामावर, मुलगी शाळेत आणि सासूबाई बहिणीकडे असताना. मला वाटलं, म्हातारपणी माणसाला शांतता हवीशी वाटते.

आणि फडक्याचं तर काय सांगू. कॉर्नेटमध्ये फुंकलं की श्वासाच्या वाफेचं आत पाणी होतं. खालची एक कळ दाबून ते काढावं लागतं, म्हणून प्रत्येकाच्या खुर्चीखाली एक जुनं फडकं असतं. आप्पांचं पांढरं, माझं चौकटीचं. दोन्ही धुते मीच. चार महिने आप्पांचं फडकं घडी न मोडता कोरडं परत येत होतं, आणि मी बाई इतकी शहाणी, की नवऱ्याला सुनावलं, बघ, तुझे वडील या वयात नीटनेटके राहायला शिकले, तू कधी शिकणार? चौतीस वर्षं वाजवणाऱ्या माणसाचं फडकं कोरडं राहतं आणि मला त्यात टापटीप दिसते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच.

त्या शुक्रवारी बँडमास्तरला वाटलं, आम्ही दोघांनी एकाच वेळी श्वास घेतला. तो वैतागला. रविवारी परीक्षक चारी बाजूंनी पडदे लावलेल्या लाकडी खोक्यात बसणार, त्याला माणसं दिसत नाहीत, नुसतं ऐकू येतं, अशी भोकं त्याला लगेच कळतील, असं त्यानं बजावलं. आप्पांनी मान डोलावली. मी खाली वाकून दोन्ही फडकी उचलली. माझं ओलंचिंब होतं.

घरी पोचलो. सासूबाई मुलीचा अभ्यास घेत होत्या, नवरा अजून आला नव्हता. मी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि पांढरं फडकं टेबलावर आप्पांसमोर ठेवलं.

"चार महिने तुम्ही फुंकलंच नाही?"

"नाही."

"म्हणजे मी एकटीच वाजवत होते?"

"एकटीच. आणि चांगलं वाजवत होतीस."

मला आधी आठवला तो गुच्छ. दोन महिन्यांपूर्वीच्या कार्यक्रमात लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आप्पा उठले, वाकले आणि फुलांचा गुच्छ घेऊन आले. मी शेजारी बसून टाळ्या वाजवल्या होत्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसे माझे सासरे माझ्या गुच्छावर बसले होते, आणि मी घरी आल्यावर ती फुलं स्वतःच्या हातानं पाण्यात ठेवली होती. मला भयंकर संताप आला. तसं मी बोलूनही दाखवलं.

आप्पांनी पाकिटातून चारदा दुमडलेला कागद काढला. डोळ्यांच्या डॉक्टरचा होता. उजव्या डोळ्याच्या आतला पडदा एका जागी फाटला होता, लेझरनं तो कसाबसा धरून ठेवला होता. जड उचलायचं नाही, जोर करायचा नाही, फुंकायचं तर नावही काढायचं नाही. जोर पडला तर पडदा सुटेल. नजरेच्या कडेला काळं दिसू लागलं तर तासाभरात यायचं, नाहीतर डोळा गेला. फिरायला जातो म्हणून सांगून ते एकटे जाऊन हे करून आले होते.

मी कागद दोनदा वाचला. एका घरात राहतो, एका ताटातलं उचलून खातो, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं.

सांगितलं का नाही, तर म्हणे खुर्ची सुटली असती. आणि दुसरं म्हणजे मी. दहा वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मला एकटीला आठ ओळी वाजवायच्या होत्या. दुसऱ्या ओळीला माझा श्वास कोंडला, सूर बंद पडला, आणि आप्पांनी तिथून पुढे वाजवून वेळ मारून नेली. तेव्हापासून मी एकटीनं काही वाजवलेलं नाही. आप्पांचं म्हणणं, एकटी आहेस हे कळलं की तुला फुंकता येत नाही, म्हणून कळू दिलं नाही.

"आता कळलं," मी म्हटलं. "आता रविवारी काय करायचं?"

"तू वाजव. अडकलीस तर मी फुंकेन."

ते हे इतक्या सहज बोलले की मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझा श्वास अडकला तर त्यांचा डोळा जाणार. मी म्हटलं, मी येतच नाही, आत्ता सगळ्यांना सांगते. ते म्हणाले की चौतीस वर्षांत एकदाच आमचा बँड या फेरीपर्यंत पोचलाय, बावीस माणसांचं काय करू ते तूच सांग. स्पर्धा झाली की मी स्वतः सगळ्यांना सांगतो, असा शब्द दिला. मी गप्प बसले. त्याबद्दल मी स्वतःला माफ करणार नाही, पण गप्प बसले हे खरं.

मात्र अगदीच मूर्ख नाही मी. शनिवारी कारखान्यातून खाकी कापडाची चिंधी आणली. दुपारी आप्पा झोपलेले असताना त्यांच्या कॉर्नेटचं तोंड काढलं आणि नळीत त्या चिंधीचा बोळा घट्ट दाबून बसवला. मग तोंड पुन्हा लावून ठेवलं. आता गाल फुटेपर्यंत फुंकलं तरी वारा पुढे जाणार नव्हता.

रविवारी सभागृहात मी आप्पांच्या शेजारी बसले. समोर ते पडदे लावलेलं खोकं. आमचा संथ भाग आला, बाकीचा बँड थांबला आणि मी सुरू केलं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी छातीत तीच जुनी गाठ आली. मी मनात म्हटलं, बाई गं, तुझ्या मागे कोणी नाही, बोळा तूच कोंबलायस, आणि फुंकलं. वरचा सूर लागला. तो इतका भरीव लागला की माझा मलाच विश्वास बसेना. शेवटपर्यंत कुठे भोक पडलं नाही. तो आवाज माझा होता, एकटीचा, आणि दहा वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता. बाहेर येताना बँडमास्तर चक्क माझ्या डोळ्यांकडे बघून हसला, दातांकडे नाही.

निकालाची वाट बघत सगळे सभागृहाच्या मागच्या खोलीत बसले होते. आमची फडकी मी सवयीनं गोळा करून आणली होती. पिशवीत भरताना पांढऱ्या फडक्याला हात लागला आणि मी तशीच थांबले. मधोमध ओला डाग होता.

आप्पा बाकावर बसले होते. त्यांनी कोटाच्या खिशातून खाकी चिंधी काढून माझ्या हातात दिली. कुलपात अडकलेली तुटकी किल्ली बाहेर काढणं हे त्या माणसानं आयुष्यभर केलेलं काम, आणि मी त्याच्या नळीत बोळा कोंबून निर्धास्त झाले होते.

"मी अडकले होते?" मी विचारलं. "खरं सांगा. म्हणून फुंकलंत?"

"नाही गं. तू कुठेच अडकली नाहीस. मलाच राहवलं नाही."

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि विचारलं, कडेला काळं दिसतंय का. त्यांनी डावा डोळा हातानं झाकला. उजव्यानं दाराकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे. बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"थोडंसं," ते म्हणाले.

आमच्या बँडचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून टॅक्सी अडवत होते, एका हातात दोन कॉर्नेट आणि दुसऱ्या हातात आप्पांचं मनगट. आतून टाळ्यांचा आवाज येत होता. आप्पा मान वळवून पुन्हा पुन्हा विचारत होते, कितवा नंबर म्हणाले, तुला ऐकू आलं का. मी त्यांना गाडीत ढकललं आणि ड्रायव्हरला डोळ्यांच्या दवाखान्याचा पत्ता सांगितला.