आकाशगाईची वडी

दाग्वाच्या जीपभोवती त्या सकाळी साठ-सत्तर माणसं हात जोडून उभी होती. एरवी आमच्या गवताळ माळावरच्या गावात एवढी माणसं एका जागी दिसतात ती फक्त घोड्यांच्या शर्यतीला. जीप जुनी, रशियन, वयाने दाग्वाहून दोनच वर्षांनी लहान. तिच्या पोटाखालून टप टप पेट्रोल गळत होतं आणि समोर देवऋषी झोरिग्त डफ बडवत होता. अंगात निळा दगला, डोक्यावर गरुडाच्या पिसांचा मुकुट. शहरातून आलेला होता म्हणून त्याचा मान जरा जास्तच.

"ही गाडी गळत नाहीये," तो गरजला, "ही गाडी रडतेय! दाग्वाकाका, खिंडीतल्या देवाच्या दगडांना तीन प्रदक्षिणा घालता ना?"

"घाई असते हो. सगळेच ड्रायव्हर हॉर्न वाजवून पुढे जातात, तसा मीही जातो," दाग्वा म्हणाला.

"किती वेळा वाजवता?"

"तीनदा. म्हणजे... मागच्या खेपेला दोनदाच वाजला. तिसऱ्यांदा वाजलाच नाही. बिघडलाय."

"बघा!" झोरिग्तने हात वर केले. "तिसरा हॉर्न! देव अजून कान लावून बसलाय!"

गर्दीतून हाय हाय उठली. पुरेव, दाग्वाची बायको, नवऱ्याकडे असं बघू लागली, जणू त्याने देवळाची घंटाच विकून खाल्ली होती.

मग जुनिपर झुडपाच्या पानांचा धूप पेटला. एक गोष्ट मात्र माझ्या मास्तरणीच्या नजरेतून सुटली नाही. धुपाटणं जीपपासून चांगलं तीस पावलं लांब ठेवलं होतं. कुणीतरी भक्तिभावाने ते जवळ आणायला गेलं तर झोरिग्त दचकून ओरडला, "लांब! आत्म्याला धूर लांबूनच आवडतो!" पेट्रोलचा स्वभाव आत्म्याला बराच ठाऊक होता म्हणायचा.

"आता सगळ्यांनी वाका. डोळे मिटा." त्याने पोतडीतून पिवळट वडी काढली. "ही आरूल तुमच्या घरातल्यासारखी साध्या दह्याची नाही. आकाशात पांढरी गाय चरते, तिच्या दह्याची ही वडी!"

आरूल, म्हणजे दही वाळवून केलेली वडी, आमच्याकडे खिशाखिशात असते. आकाशगाईची मात्र पहिल्यांदाच आली होती. सगळे वाकले. झोरिग्त जीपखाली शिरला, काहीतरी पुटपुटला, बाहेर आला, आणि टपटप थांबली! लोकांनी शंभरपर्यंत आकडे मोजले. एक थेंब पडला नाही. पुरेव ढसाढसा रडली.

"एकोणपन्नास दिवस गाडीला पाणी लागता कामा नये," तो म्हणाला. "पाण्यातली दैवतं अजून रुसलेली आहेत. या चार वड्या देवापाशी ठेवा. पण कुणी तोंडात घालायच्या नाहीत. आणि मी पैशाला हात लावत नाही." खरंच नाही लावला. एका मेंढीला मात्र लावला, शेपटीची चरबी नीट दाबून बघून, आणि ती दक्षिणा म्हणून ठेवून घेतली.

"आणि दवाखाना?"

हे विचारलं सेर्गेलेनने, दाग्वाच्या सुनेने. तिला नववा महिना होता. पाय सुजून बूट चढत नव्हते. नवरा दक्षिणेच्या खाणीत कामाला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की रक्तदाब वाढलाय, या आठवड्यात दवाखान्यात येऊन राहा, घरी बाळंत होऊ नकोस. दवाखाना शार नदीच्या पलीकडे. नदीला पूल नाही, गाडी पाण्यातूनच काढावी लागते. आणि गावात ती नदी ओलांडू शकेल अशी गाडी ही एवढीच.

"बाळ इथेच होईल, पोरी," झोरिग्त म्हणाला. "मी स्वतः येऊन बसेन."

सेर्गेलेनचा चेहरा पांढराफटक पडला. ती पाय ओढत घराकडे वळली. आमच्याकडे सुना सासऱ्यासमोर एकदाच विचारतात.

लोक पांगल्यावर मी दाग्वाला गाठलं. "अरे, पोरीचा जीव धोक्यात घालशील!"

"बाई, रसायनशास्त्रात तुम्ही मला तीनदा नापास केलंत, त्याचा मला राग नाही. पण टपटप थांबली ती मी डोळ्यांनी पाहिलीय."

"तू डोळे मिटले होतेस."

"मग कानांनी ऐकलीय!"

एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण हट्टावर उतारा सापडला नाही. मी गुडघे कुरकुरत असताना जीपखाली शिरले. टाकीच्या कोपऱ्याला दगड लागून बारीक चीर पडली होती आणि तिच्यावर पिवळा लेप होता. बोट फिरवून थोडा खरवडून आणला. घरी आले, हात धुवायला पाणी घेतलं, आणि हाताला भरभरून फेस आला.

साबण! कपडे धुण्याचा पिवळा साबण! पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, म्हणून चिरेत घट्ट बसतो आणि गळती थांबते. पण पाणी लागलं की गेला वाहून. म्हणून तर दैवतं रुसलेली. आधी मला मोठ्याने हसू आलं. मग सेर्गेलेनचे सुजलेले पाय आठवले आणि असा संताप झाला की चहाही गेला नाही.

पण नुसतं सांगून कोण ऐकणार? दाग्वा म्हणाला असता, आकाशगाईच्या दह्याला फेस येत असेल!

दुसऱ्या दिवशी दुपारी झोरिग्तला निरोपाचं जेवण होतं. दाग्वाच्या लोकरी तंबूत, उत्तरेच्या मानाच्या जागी तो बसला. अर्धं गाव आत, अर्धं दारात. पाहुण्यापुढे वड्यांचं ताट धरायचं काम वयामुळे माझ्याकडे आलं. देवापाशी ठेवलेल्या त्या चारही वड्या मी गुपचूप ताटात मांडल्या, शिवाय दोन घरच्या. वाटलं, हा आपला माल लांबूनच ओळखेल आणि नको म्हणेल. आमच्यात पुढे आलेलं ताट कुणी नाकारत नाही. का नाकारलं, हे मी सगळ्यांदेखत विचारणार होते.

पण झोरिग्तगुरुजी रंगात आले होते. "तर मग तो नाग मला म्हणाला..." असं सांगता सांगता ताटाकडे न बघताच त्यांनी एक वडी उचलली आणि कचकन चावली.

बोलणं थांबलं. डोळे मोठे झाले. आता पंचाईत अशी की यजमानाच्या घरात, चुलीतल्या अग्नीसमोर, तोंडातला घास थुंकणं म्हणजे महापाप. हे कालच त्यानेच सर्वांना सुनावलं होतं. झोरिग्त चावत राहिला. ओठांच्या कडेला पांढरा फेस जमला.

"अंगात आलं!" पुरेव किंचाळली आणि पालथी पडली. तिच्यामागे आणखी दहाजण पालथे.

"पाणी द्या गुरुजींना," मी म्हणाले.

तो घटाघटा पाणी प्यायला आणि त्याला जोरात उचकी लागली. तोंडातून एक मोठा, सुबक फुगा निघाला, तंबूच्या वरच्या झरोक्याकडे तरंगत गेला आणि फुटला.

सगळ्यात आधी हसली सेर्गेलेन. दोन्ही हातांनी पोट धरून हसली. "अगंबाई! हा तर साबण!"

मी ताटातली, देवापाशी ठेवलेली दुसरी वडी दाग्वाच्या हातात दिली आणि त्यावर पाणी ओतलं. तो हात चोळत राहिला, फेस वाढत राहिला. मग तांब्या घेऊन तो बाहेर गेला. टाकीच्या लेपावर पाणी ओतून त्याने जोरात हात चोळला. आम्ही सगळे ऐकत होतो. टप. टप.

"माझे वडील ट्रकवर होते," झोरिग्त खाली मान घालून म्हणाला. "वाटेत टाकी फुटली की सगळे जुने ड्रायव्हर असाच साबण लावायचे. गावापर्यंत पोचायला पुरतो."

"मग युक्ती चांगली आहे की रे! तिचा देव कशाला केलास?"

"बाई, युक्तीला मेंढी कोण देतं?"

खोटं नव्हतं ना ते!

मेंढी कळपात परत गेली आणि झोरिग्तला आम्ही कामाला लावलं. पेट्रोल उपसून टाकी खाली उतरवली. दाग्वा चिरेला डाग देऊन ती बुजवायला पेटती बत्ती घेऊन आला तेव्हा मी आणि झोरिग्त एकदमच ओरडलो, "नको!" रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. आत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते, एक ठिणगी पुरते. मग आकाशगाईच्या उरलेल्या वड्या कढत पाण्यात टाकून टाकी आतून तीनदा धुतली. साबण शेवटी धुण्याच्याच कामी आला. टाकी दिवसभर उन्हात वाळवली, चीर घासून पत्रा चकचकीत केला, वर दोन नळ्यांतून काढून मिसळायचा, दगडासारखा घट्ट होणारा डिंक आणि कापडाची पट्टी बसवली. पुरा एक दिवस हात लावू दिला नाही.

शुक्रवारी आम्ही निघालो. शार नदीच्या काठावर दाग्वाने गाडी थांबवली. मागे सेर्गेलेन माझा हात घट्ट धरून बसली होती. दाग्वाने सवयीने नदीला दूध शिंपडलं. मी आडवी आले नाही. मग जीप पाण्यात घातली. पाणी पायाशी आलं, दाराशी आलं, इंजिन खोकलं, आणि आम्ही पलीकडच्या काठाला लागलो. दाग्वा उतरला आणि कुणी न सांगता टाकीखाली वाकला. बराच वेळ वर येईना.

"काय रे?" मी विचारलं.

"काही नाही, बाई. कोरडी आहे." त्याने डोळे पुसले. "त्या दिवशी सत्तर माणसं वाकली होती या गाडीपुढे. आणखी हातभर वाकून खाली कुणीच कसं बघितलं नाही?"

रविवारी सेर्गेलेनला मुलगी झाली. रक्तदाब वाढलाच होता, पण तिथे औषध होतं आणि डॉक्टर होत्या. घरी काय झालं असतं ते मला लिहवत नाही.

माणसाने कुठे वाकावं हे मी कुणाला सांगणार नाही. देवापुढे वाका, नदीपुढे वाका. पण कुणी म्हणालं की वाका आणि डोळे मिटा, तर वाका, डोळे उघडे ठेवा, आणि टाकीखाली एकदा बोट फिरवून बघा.