जावेचं कार्ड

छकुली आणि प्रेमला या जावा-जावा. एकाच भिंतीच्या अल्याड-पल्याड राहायच्या आणि एकमेकींचं तोंड बघायच्या नाहीत. छकुलीच्या लेकीला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या कानात प्रेमलानं घातलं की पोरीला फिट येते, आणि ठरत आलेली सोयरीक मोडली. फिटबिट काही नव्हती. त्या दिवशी छकुलीनं अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असा शाप दिला होता, "ज्या तोंडानं माझ्या लेकीचं वाटोळं केलं, त्या तोंडात किडे पडतील." पुढे शेरडं सोडताना, भांडी घासताना, सवड मिळेल तेव्हा ती तेच म्हणायची.

मग एका दुपारी तिच्या नवऱ्याला, परमेश्वरला, फोन आला. कुंभार पिंपळगावच्या आरोग्य शिबिरात छकुलीबाईंचं तोंड तपासलं, गालाच्या आतला डाग कॅन्सरचा दिसतोय, तुकडा काढून बघावा लागेल, उशीर न करता जालन्याला आणा. त्यानं बायकोला उजेडात उभी करून आ करायला लावलं. पण छकुलीच्या दातांना उभ्या जन्मात तंबाखूची मिशरी लागली नव्हती, आणि शिबिराच्या दिवशी ती माहेरी तीर्थपुरीला होती. तिनं सासूकडं पाहिलं. गोपिकाबाई जमिनीकडं बघत होती.

घरादाराचे सगळे कागद गोपिकाबाईच्या पेटीत असायचे. राशनचं कार्ड घरातलं कुणीही घेऊन गेलं तरी धान्य मिळतं, मग फुकट उपचाराचं दवाखान्याचं कार्डही घरचंच, असं म्हातारीनं धरलं. प्रेमलाचं कार्ड निघतच नव्हतं. मिशीनवर तिचा अंगठा उमटायचा नाही, आणि दरवेळी नंतर या म्हणून तिला घालवून द्यायचे. तोंडात आग होते म्हणून ती सासूपाशी रडली, तेव्हा म्हातारीनं धाकटीचं, छकुलीचं, कार्ड काढून तिच्या हातावर ठेवलं आणि तिला शिबिराला धाडलं. कार्डाला फोन नंबर परमेश्वरचा जोडलेला होता.

छकुलीला आधी आनंद झाला, खोटं कशाला सांगा. देवानं आपलं ऐकलं असंच तिला वाटलं. प्रेमलाचा नवरा राधाकिसन मेंढरं घेऊन शहागडकडं गेलेला, त्यामुळे विचारणारं कुणी नव्हतं. परमेश्वरचं बायकोपुढं कधी चाललं नव्हतं. प्रेमलाला काही सांगायचं नाही, गप बसा म्हटल्यावर तो गप बसला. कार्ड परस्पर दिल्याबद्दल पोलिसात जाईन अशी दमदाटी करून तिनं सासूचंही तोंड बंद केलं.

पण थोड्याच दिवसांत प्रेमला उंबऱ्यावर निवांत मिशरी लावत बसलेली दिसली. शिबिरवाल्यांचं बोलावणं आलं नाही, म्हणजे काही निघालं नाही, असं ती शेजारणीला हसून सांगत होती. छकुलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ही बया मजेत मिशरी लावत मरणार आणि वस्ती म्हणणार, छकुलीचा शाप भोवला. वस्तीचं सोडा, आतून छकुलीच तसं म्हणायला लागली होती आणि तिला तेच सोसवत नव्हतं. ती तरातरा गेली आणि तिनं प्रेमलाच्या हातातली मिशरीची डबी उडवून दिली.

"तुझ्या तोंडात कॅन्सरचा डाग निघालाय. जालन्याला बोलावलंय. फोन माझ्या घरी आल्ता."

"किडे पडले न्हाईत म्हणून आता कॅन्सर का?" प्रेमला थुंकून म्हणाली. "जा, तुझ्या दारात जाऊन भुंक."

मग छकुलीनं सासूला दंडाला धरून आणलं. म्हातारीनं कार्ड, फोन, सगळं सांगितलं. फोन कधी आला, असं प्रेमलानं विचारलं आणि म्हातारी बोटांवर दिवस मोजायला लागली, तेव्हा तिला काय समजायचं ते समजलं.

"म्हंजे मी मरून राह्यले, अन् तू बघून राह्यली."

"हां," छकुली म्हणाली.

जालन्याच्या जीपमध्ये म्हातारीला मध्ये बसवून दोघी दोन्हीकडं तोंडं फिरवून बसल्या. निघताना परमेश्वरनं बजावलं होतं, प्रेमलालाच छकुली म्हणून आत जाऊ दे, खरं सांगितलंस तर कार्ड बंद पडेल आणि उद्या तुला काही झालं तर आपण कुठं जायचं. दवाखान्याच्या खिडकीवर छकुलीचं नाव पुकारलं गेलं. खिडकीतल्या माणसानं कार्डावरचा फोटो पाहिला, समोरची प्रेमला पाहिली आणि ह्या तुम्हीच का, म्हणून विचारलं. छकुलीनं नुसतं गप राहायचं होतं. पण आज गप राहिलं तरी हा फोटो दर खेपेला आडवा येणार आणि अर्ध्यातून बाईला हाकलणार, हे तिला दिसत होतं.

"नाव माझं हाय, तोंड तिचं," ती म्हणाली. "कार्ड बंद करायचं तर करा. आधी तिला बघा."

माणूस भडकला. ही फसवणूक आहे म्हणाला, कार्ड ठेवून घेतलं, आणि प्रेमलाचं स्वतःचं कार्ड निघाल्याशिवाय पुढचे उपचार होणार नाहीत असं सुनावलं. आरडाओरडा ऐकून डॉक्टरीण बाहेर आली. तपासायला कार्ड लागत नाही, असं त्याला ठणकावून तिनं दोघींना आत घेतलं.

खुर्चीवर बसल्या बसल्या प्रेमलानं ओठ घट्ट मिटले. डॉक्टरीण गोडीनं बोलली, मग रागावली. प्रेमला ढिम्म हलली नाही.

"हिचे उपकार घेऊन मला जगायचं न्हाई," ती ओठांच्या फटीतून म्हणाली. "माझ्या मरणावर टपल्ती ही."

छकुलीनं पुढे होऊन तिचा जबडा चिमटीत धरला. इतकी वर्षं ती या बाईला तोंड मिटायला सांगत आली होती.

"उपकार गेले खड्ड्यात. माझ्या लेकीच्या सोयरिकीचं भांडण बाकी हाय, त्याला तू जित्ती पायजे," ती म्हणाली. "तोंड उघड."