दहापट

सशाच्या कानातली शीर सापडत नसेल तर मामांना बोलवा, असं प्रयोगशाळेत सगळेच म्हणत. सव्वीस वर्षं मामा हेच काम करत होते. आता प्रमुख असलेल्या मॅडम शिकत होत्या, तेव्हा ससा कसा धरायचा हे त्यांना मामांनीच दाखवलं होतं.

अलीकडे मात्र कुप्यांवरची बारीक अक्षरं त्यांना पुसट दिसत. "अहो, डोळे दाखवून या एकदा," बायको रोज मागे लागायची. मामा आज-उद्या करत राहिले. निवृत्तीला एकच वर्ष उरलेलं. कुणाला कळलं तर हातातली सुई काढून घेतील, ही धास्ती.

त्या सकाळी टेबलावर भुऱ्या नावाचा ससा होता, भूल देऊन झोपवलेला. शरीरातच तयार होणारं एंडोथेलिन नावाचं पेप्टाइड रक्तवाहिन्या किती आवळतं आणि त्यानं रक्तदाब किती चढतो, हे मोजायचं होतं. मामांनी सिरिंज भरली आणि कानाच्या शिरेत हलक्या हातानं रिकामी केली.

रक्तदाब आधी जरासा उतरला. तसा तो नेहमीच उतरायचा. मग चढायला लागला.

"छान चढतोय," मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या.

पण तो थांबेना. दिव्यासमोर धरलेल्या कानातली लाल शीर दोऱ्याएवढी झाली, मग दिसेनाशीच झाली. कान पांढराफटक पडला.

"मामा, कुठली कुपी घेतलीत?"

मामांनी हातातली कुपी पुढे केली. मॅडमनी ती वाचली आणि खाली ठेवली. पातळ केलेल्या द्रावणाची कुपी स्टँडवर तशीच भरलेली होती.

"ही दहापट तीव्र आहे."

त्यांनी झटपट शिरा सैल करणारं औषध दिलं. मामा भुऱ्याचा कान दोन्ही तळव्यांत धरून चोळू लागले.

"उतरेल ना, मॅडम?"

"हे एकदा रक्तवाहिन्यांना चिकटलं की लवकर सुटत नाही. तुम्हाला काय सांगायचं, मामा!"

पडद्यावरचे ठोके अडखळू लागले. आता रक्तदाब उतरत होता, पण हृदय थकलं म्हणून. अकराव्या मिनिटाला रेघ सरळ झाली. मामांनी कान सोडला नव्हता.

"मला नीट दिसत नाही," ते म्हणाले. "सांगायला हवं होतं."

"कधीपासून?"

"सात-आठ महिने झाले असतील."

मॅडमनी नोंदवही ओढली. "म्हणजे आधीचे सगळे आकडे..."

"ते बरोबर आहेत, मॅडम. बहुतेक."

तो 'बहुतेक' त्यांच्याच तोंडून निघाला होता.

आठ महिन्यांचं काम रद्द झालं. सगळं पहिल्यापासून करायचं, म्हणजे आणखी चौदा ससे लागणार. मामांची बदली खालच्या प्राणिगृहात झाली: चारा, पाणी, पिंजऱ्यांची सफाई. आणि सांगितलेला ससा वर पोचवणं.

सोमवारी त्यांनी पहिला ससा काढला. छातीशी धरून जिना चढले. दारात नवीन तंत्रज्ञ उभी होती.

"द्या मामा, मी घेते."

"मागचे पाय खालून धर," मामा म्हणाले. "घाबरतो तो."

तिनं अगदी तसाच धरला आणि दार लोटून घेतलं. मामा दुसरा ससा आणायला खाली गेले.