माझ्या नावातलं धनुष्य

मित्रांनो, मी एक जुना शब्दाचा तुकडा आहे. 'टॉक्सि' हे माझं नाव. जीवशास्त्राच्या पुस्तकात 'टॉक्सिन', 'टॉक्सिक' अशा शब्दांच्या तोंडाशी मी उभा असतो, आणि मी असतो तिथे विष असतं.

माझं मूळ ग्रीसमधलं. तिथे 'टॉक्सॉन' म्हणजे धनुष्य. बाणाला लावायच्या विषाला लोक 'टॉक्सिकॉन फार्माकॉन', म्हणजे धनुष्याचं औषध म्हणत. त्यांच्या भाषेत औषध आणि विष यांना एकच शब्द होता. पुढे 'फार्माकॉन' गळून पडला, धनुष्यही मागे राहिलं, आणि विष तेवढं माझ्या माथी आलं. विद्वानांनी मला मानाने ग्रंथांत बसवलं. तरी मी भेदरलेलाच असे. कुणी मला वाचलंच नाही तर?

तसं झालं तर काय होतं, ते मी मुकुटबनजवळच्या एका तांड्यावर पाहिलं. २०१७ साल होतं. कापूस माणसाच्या डोक्यावर गेला होता आणि बोंडांत गुलाबी अळी शिरली होती. तांड्यावरचा हरिसिंग पाठीवर पंप घेऊन फवारत होता. मी बाटलीवर होतो, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. तांड्यात मात्र सगळे तिला 'औषध'च म्हणत. उंच झाडांवर मारलेला फवारा वाऱ्याने त्याच्याच तोंडावर येत होता. मला ओरडता येत नव्हतं.

दुपारी तो धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन बसला.

"जमना, मले सारं धुरकट दिसून राह्यलं," तो बायकोला म्हणाला. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती.

"ऊन लागलं तुमाले," म्हणत जमनाबाई पाणी आणायला वळली.

त्यांची मुलगी पुष्पा बारावीला होती. तिने बाटली उचलली, डोळ्यांजवळ धरली. मला तिने वर्गात पाहिलं होतं. ती आईकडे वळली. "याडी, हे ऊन नाही, जहर आहे. बाचे कपडे काढ आधी."

दोघींनी त्याला साबणाने धुतलं आणि शेजाऱ्याच्या ऑटोत घातलं. पुष्पाने बाटली पिशवीत घेतली.

"औषध घेतलं का यांनी?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं. त्या भागात याचा अर्थ जीव द्यायला प्यायले का, असाच होतो. जमनाबाईने जोरजोरात मान हलवली.

"पेले नाही जी. कापसाच्या पऱ्हाटीवर मारत होते. मरासाठी नाही, कामाले गेलते."

पुष्पाने बाटली पुढे केली. डॉक्टरांनी मला वाचलं, हरिसिंगच्या मोहरीएवढ्या झालेल्या बाहुल्या पाहिल्या आणि लगेच त्या विषावरच्या उताऱ्याची सुई टोचली. शेजारच्या खाटेवरही एक फवारणी करणारा होता. त्याने काय फवारलं, ते सोबतच्या कुणाला सांगता येत नव्हतं. पहाटे ती खाट रिकामी झाली. जमनाबाईने नवऱ्याचा हात सोडला नाही.

हरिसिंग वाचला. नजर नीट व्हायला मात्र दिवाळी उजाडली. जमनाबाई आता त्या बाटलीला औषध म्हणत नाही, आणि दुसरं कुणी म्हटलं तर थांबवते.

मित्रांनो, मला मान नको. बाटली उघडण्याआधी घरच्यांना मला मोठ्याने वाचून दाखवा. आणि ती रिकामी झाली म्हणून धुऊन तिच्यात तेल भरू नका. मी आतच असतो.